लँड रोव्हर सिरीज १, २, २ए, ३ : हे फरक आले कुठून?

जुन्या लँड रोव्हरचं साल विचारलं की बरेच जण तोंडाकडे बघून सांगून मोकळे होतात, हेडलाइट ग्रिलमध्ये म्हणजे जुनी, मडगार्डवर म्हणजे नवी. अर्धंच खरं आहे ते. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीने दरवर्षी नवं मॉडेल काढायचं म्हणून गाडी बदललीच नाही, कधी इंजिन बसेना म्हणून, कधी लाइटचे नियम बदलले म्हणून, कधी आधीचा माल शिल्लक होता म्हणून बदल होत गेले.

सुरुवातच टंचाईतून झाली. रोव्हरचे चीफ इंजिनिअर मॉरिस विल्क्स वेल्समध्ये अँगलसी बेटावरच्या आपल्या जागेत युद्धातली विलीज जीप वापरायचे, त्यावरून शेतकऱ्यासाठी अशीच गाडी काढायची कल्पना आली १९४७ ला. ब्रिटनमध्ये तेव्हा स्टील मोजून मिळायचं आणि एक्स्पोर्ट करणाऱ्याला आधी, म्हणून चासी स्टीलची पण बॉडीचे पत्रे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. ३० एप्रिल १९४८ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या शोमध्ये ती, म्हणजे सिरीज १, लोकांसमोर आली, ८० इंच व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), १.६ लिटर पेट्रोल इंजिन, साधारण ५० हॉर्सपॉवर. अगदी पहिल्या गाड्यांत हेडलाइट ग्रिलच्या जाळीमागे आहेत आणि फोर व्हील ड्राइव्ह कायमचा, पुढच्या बाजूला फ्रीव्हील, म्हणजे पुढची चाकं गरजेला मोकळी फिरू देणारी सोय. १९५० च्या सुमारास हे दोन्ही बदललं, लाइट जाळीतून बाहेर आले आणि टू व्हील फोर व्हील निवडायची सोय झाली. मग २ लिटरचं इंजिन, १९५४ मॉडेलला व्हीलबेस ८६ इंच, सोबत १०७ इंची लांब पिकअप.

आता गंमत बघा, ८६ चे ८८ आणि १०७ चे १०९ इंच झाले ते आत बसणाऱ्यांना ऐसपैस जागा मिळावी म्हणून नाही. १९५७ ला डिझेल इंजिन येणार होतं, ते लांबीला जास्त, म्हणून इंजिनच्या जागेत दोन इंच वाढवले. १०७ स्टेशन वॅगनला डिझेल द्यायचंच नव्हतं तर तिला हे दोन इंच मिळालेच नाहीत, ती तशीच जुन्या मापाने चालू राहिली. त्यामुळे एकाच सालातल्या दोन गाड्या शेजारी लावल्या तर मापं जुळत नाहीत आणि माणूस उगाच चासीवर शंका घेतो.

१९५८ ची सिरीज २ म्हणजे रोव्हरचा डिझायनर डेव्हिड बाशने बॉडीला दिलेली ती बाजूची गोलाई, ती शेवटपर्यंत टिकली. इंजिन २.२५ लिटर पेट्रोल, पण सुरुवातीच्या काही ८८ इंची गाड्यांत जुनं २ लिटरच बसवलंय! १९६१ ला २ए, बाहेरून जवळपास तीच, खरी बातमी २.२५ लिटर डिझेल इंजिनची. लाइट मडगार्डवर गेले ते याच २ए च्या शेवटी, १९६८-६९ मध्ये, काही देशांच्या लाइटच्या नियमांमुळे. म्हणजे मडगार्डवर लाइट दिसले की सिरीज ३, हा हिशोब इथेच फसतो.

सिरीज ३ आली १९७१ ला, आणि तिला लोक उगाच नावं ठेवतात ती प्लास्टिकच्या ग्रिलवरून. चालवणाऱ्याच्या दृष्टीने मोठा बदल गिअरबॉक्सचा आहे, आधी सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली रचना, फक्त तिसऱ्या चौथ्याला होता, खालच्या गिअरला डबल क्लच (गिअर बदलताना दोनदा क्लच) मारावाच लागायचा, आता चारही गिअरला मिळाला. मीटर डॅशबोर्डच्या मध्यावरून उचलून ड्रायव्हरसमोर आले, डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. १९७९ ला १०९ मध्ये ३.५ लिटर व्ही ८ आलं, १९८० ला २.२५ इंजिनच्या क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंग, माझ्या मते रोजच्या वापराला हीच सगळ्यात शहाणी सिरीज गाडी, पण जुन्या तोंडाच्या प्रेमात असलेल्यांना हे पटायचं नाही.

शिवाय सगळं नटबोल्टवर असल्यामुळे एकीची ग्रिल, दुसरीचा गिअरबॉक्स, तिसरीचे दरवाजे असं सर्रास झालेलं असतं. म्हणून चासी नंबर बघायचा, २ए आणि ३ मध्ये त्याच्या शेवटी जे अक्षर असतं ते पार्ट बदलल्याची खूण आहे, स्पेअर मागवताना सालापेक्षा तेच जास्त कामाला येतं. १९८३ ला कॉइल स्प्रिंगवाली नवी गाडी वन टेन आली, पुढच्या वर्षी नाइंटी, आणि लीफ स्प्रिंगच्या पाट्यांवरची सिरीज ३ त्यांच्या शेजारीच १९८५ पर्यंत बनत होती.