एल्फ (बेसिक डी अँड डीमधला क्लास)

एल्फ हा जुन्या बेसिक डंजन्स अँड ड्रॅगन्समधला (डी अँड डी, टेबलाभोवती बसून कॅरेक्टर बनून फाशांवर खेळायचा खेळ) असा क्लास, म्हणजे कॅरेक्टरचा पेशा, आहे जो फायटरसारखी तलवार चालवतो, अंगात प्लेट मेल (पत्र्याचं जड चिलखत) घालतो आणि वर मॅजिक-युजरचे, म्हणजे जादूगाराचे, स्पेलही टाकतो, आणि हे सगळं पहिल्या लेव्हलपासून. या आवृत्तीत वंश वेगळा आणि क्लास वेगळा अशी भानगडच नाही, एल्फ घेतला की तोच वंश आणि तोच धंदा, ड्वार्फ आणि हाफलिंगचंही तसंच. खालचे आकडे टॉम मोल्डव्हे यांच्या १९८१ च्या बेसिक आणि डेव्हिड कुक यांच्या त्याच वर्षीच्या एक्स्पर्ट रूलबुकमधले आहेत, दोन्ही मिळून खेळणारे त्याला बी-एक्स म्हणतात. एल्फ ओव्हरपॉवर्ड, म्हणजे बाकीच्यांपेक्षा फारच ताकदवान, आहे का हा वाद फार जुना, आणि मुंबईत जिथे कुठे जुन्या रूल्सचा डाव बसतो तिथे कॅरेक्टर बनवतानाच तो सुरू होतो. आहे, ओव्हरपॉवर्ड आहे. फक्त लोक चिलखत आणि जादू एकत्र बघून बोंब मारतात, आणि खरी गोम बसलीये एक्सपीच्या (लेव्हल वाढवायला लागणाऱ्या अनुभवाच्या पॉइंटच्या) तक्त्यात.

आला कुठून

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीन छोट्या पुस्तिकांच्या बॉक्समध्ये हा खेळ पहिल्यांदा काढला, तेव्हाचा एल्फ जरा विचित्र होता. एका मोहिमेत तो फायटिंग-मॅन, पुढच्या मोहिमेत मॅजिक-युजर, म्हणजे डाव सुरू व्हायच्या आधी ठरवायचं आज काय व्हायचंय ते, मध्येच बदलता यायचं नाही. लढाईत चौथ्या लेव्हलला गाडी थांबायची आणि जादूत आठव्या. तो नियम इतका मोघम लिहिला होता की प्रत्येक टेबलावर त्याचा वेगळा अर्थ लावला गेला. मग १९७७ मध्ये जॉन एरिक होम्स यांनी बेसिक सेट लिहिला, त्यात एल्फ एकाच वेळी दोन्ही झाला आणि मिळालेला एक्सपी दोन क्लासमध्ये अर्धा-अर्धा वाटायचा ठरलं. मोल्डव्हेंनी ही वाटणीच काढून टाकली, दोन तक्त्यांऐवजी एल्फला स्वतःचा एकच तक्ता दिला. १९८३ च्या फ्रँक मेंट्झर यांच्या बेसिक सेटच्या लाल बॉक्समध्येही जवळजवळ तोच एल्फ आहे.

काय काय मिळतं

एल्फ घ्यायला अट एकच, इंटेलिजन्स किमान ९ हवा. तीन सहाबाजूंचे फासे टाकून ९ किंवा जास्त पडायची शक्यता ७४ टक्के आहे, म्हणजे चारपैकी तिघांना एल्फ होता येतं, याला अट म्हणायचं तरी कसं. त्या बदल्यात कुठलंही हत्यार, कुठलंही चिलखत, ढाल, मॅजिक-युजरइतकेच स्पेल, अंधारात ६० फुटांपर्यंत दिसणं, घूल नावाच्या राक्षसाचा लकवा न लागणं आणि गुप्त दरवाजा सहात दोन वेळा सापडणं (माणसांना सहात एकदाच). सेव्हिंग थ्रोसुद्धा (विष, जादू वगैरेंतून वाचायला टाकायचा फासा) पहिल्या लेव्हलला फायटरपेक्षा दोन रकान्यांत एकेक पॉइंटने चांगले. बिचाऱ्या मॅजिक-युजरकडे एक खंजीर आणि अंगावरचे कपडे.

सुरुवातीचे पैसे तीन फासे गुणिले दहा, सरासरी १०५ सोन्याची नाणी. प्लेट मेल ६०, ढाल १०, तलवार १०. म्हणजे सरासरी पैशातही एल्फ पहिल्याच दिवशी आर्मर क्लास २ (आकडा जितका लहान तितका वार लागणं अवघड) घेऊन दारात उभा राहतो आणि दिवे, दोरी, शिधा यांना २५ नाणी उरतात. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, बी-एक्समध्ये पहिल्या तीन लेव्हलला सगळ्याच क्लासचा अटॅकचा आकडा (वार लागायला फाशावर किती पडावं लागतं तो) सारखा असतो, फायटर असो नाहीतर थीफ. त्यामुळे सुरुवातीला फायटरकडे जास्तीचं असं असतं काय, तर चिलखत आणि डी एटचा हिट डाइस (हिट पॉइंट, म्हणजे अंगात जीव किती, ते ठरवणारा आठबाजूंचा फासा). चिलखत एल्फकडेही आहे आणि डाइस डी सिक्स, फरक सरासरी एका पॉइंटचा.

एक्सपीचा हिशोब

डिझायनरने किंमत लावलीच नाही असं नाही. दुसऱ्या लेव्हलला जायला फायटरला २,००० एक्सपी लागतो, मॅजिक-युजरला २,५००, थीफला फक्त १,२००, आणि एल्फला ४,०००. ऐकायला जबरी वाटतं, दुप्पट किंमत मोजतोय ना तो, मग कटकट कशाला. आता तक्ता नीट बघा. फायटरचा तक्ता आहे २,०००, ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००, ६४,०००, आणि एल्फचा ४,०००, ८,०००, १६,०००, ३२,०००, ६४,०००. दर लेव्हलला किंमत दुप्पट होत जात असेल तर दुप्पट किंमत मोजणारा माणूस किती मागे पडतो? फक्त एक लेव्हल. पाचव्याला असो नाहीतर सातव्याला, अंतर तेवढंच राहतं, वाढतच नाही.

मॅजिक-युजर तर अजून वाईट फसलाय. १६,००० एक्सपीला फायटर पाचव्या लेव्हलवर, एल्फ चौथ्या, आणि मॅजिक-युजर पण चौथ्याच. ६४,००० ला फायटर सातव्या, एल्फ सहाव्या, मॅजिक-युजर सहाव्या. मधल्या टप्प्यात मॅजिक-युजर एक लेव्हल पुढे जातो, मग एल्फ येऊन बरोबरी करतो, मग परत तो पुढे, असं चालतं. म्हणजे स्पेलच्या बाबतीत एल्फ कधी बरोबरीत तर कधी एक पाऊल मागे, पण ६४,००० ला त्याचे हिट पॉइंट सरासरी २१ आणि मॅजिक-युजरचे १५, आणि अंगात प्लेट मेल ती वेगळीच. या आवृत्तीत शुद्ध मॅजिक-युजर कोणी का घ्यावा याचं पटेल असं उत्तर खालच्या लेव्हलला मिळत नाही, फायटर तरी मधेमधे भाव खाऊन जातो, कारण चौथ्या आणि सातव्या लेव्हलला त्याचा अटॅक एकदम उडी मारतो आणि एल्फ तिथे उशिरा पोचतो. ८,००० ते १६,००० आणि ६४,००० ते १,२०,००० या दोन पट्ट्यांत फायटर खरोखर सरस असतो. हे एल्फच्या विरोधातल्यांनीही मान्य करायला हवं.

ही दुप्पट नवव्या लेव्हलपाशी संपते. त्यानंतर फायटरला दर लेव्हलला सरळ १,२०,००० लागतो, मॅजिक-युजरला १,५०,०००, आणि मग एल्फची किंमत खरीच जाणवायला लागते. ६,००,००० ला फायटर बाराव्या लेव्हलवर, मॅजिक-युजर अकराव्या आणि एल्फ दहाव्या, आणि एल्फचा प्रवास तिथेच संपतो, दहा हीच त्याची शेवटची लेव्हल. माणसं एक्स्पर्ट पुस्तकात चौदाव्यापर्यंत जातात, मॅजिक-युजरला सहाव्या पातळीचे स्पेल मिळतात, एल्फ पाचव्यावर अडकतो. म्हणजे सगळं बिल शेवटी एकदम द्यायचं आणि तोपर्यंत पाची बोटं तुपात.

आणि शेवटापर्यंत पोचतो कोण? मुंबईत तर विचारूच नका. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, डोंबिवलीचा माणूस दादरला पोचेपर्यंत अर्धा डंजन (भुयारातली मोहीम) संपलेला असतो, रात्री शेवटच्या कर्जत लोकलच्या हिशोबाने मधेच डाव गुंडाळायचा, कोणाची शिफ्ट बदलते, कोणाचं लग्न ठरतं, कोणी बेंगळुरूला जातं. चौथ्या-पाचव्या लेव्हलला कॅम्पेन (त्याच कॅरेक्टर्सची चालू डावांची मालिका) निपचित पडतं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त दिवाळीच्या शुभेच्छा येत राहतात. दहाव्या लेव्हलची मर्यादा असल्या टेबलाला काय जाच करणार, ती कोणाला दिसतच नाही. बाकी ठिकाणी फार वेगळं असेल असं वाटत नाही, पण इथे लोकलच्या टाइमटेबलमुळे ते जास्त लवकर कळतं.

याच मेगाब्लॉकची दुसरी बाजू अशी की पाच जणांनी येतो म्हटलं आणि दोनच आले, तर एल्फसारखा क्लास देवासारखा धावून येतो. एक क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) आणि एक एल्फ एवढ्यावर डंजन चालतो, मारामारी, जादू, मलमपट्टी सगळं जमतं. छोट्या टेबलावर एल्फ ओव्हरपॉवर्ड वाटतच नाही, ती गरज असते. सहा-सात जण बसलेले असले की मात्र मॅजिक-युजरवाल्याला आपण इथे का आलो हा प्रश्न पडतो.

टेबलावर

परळच्या एखाद्या फ्लॅटमध्ये डाव बसलाय असं धरा. पीडीएफ झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट मारून स्पायरल बाइंडिंग केलेली, फासे ऑनलाइन मागवलेले, मधे वडापावची पिशवी. बोळातून सहा गॉब्लिन येतात. फायटरवाला म्हणतो, "मी पुढे होतो, तुम्ही मागून या." एल्फवाला म्हणतो, "थांब रे भावा, स्लीप." स्लीपमध्ये दोन आठबाजूंचे फासे टाकायचे, जेवढे पडतील तेवढ्या हिट डाइसचे राक्षस झोपतात, आणि सेव्हिंग थ्रो नाही. पाच आणि चार पडले, नऊ. गॉब्लिन एकेक हिट डाइसमध्ये मोजायचा, म्हणजे सहाही आडवे, तीन डोकी फुकट गेली. फायटरवाला मोबाइल काढतो.

पण मग कोपऱ्यावरून दोन झॉम्बी येतात. स्लीप आजच्यापुरता संपलाय, आणि असता तरी मेलेल्यांना झोप लागत नाही. आता एल्फ नुसता प्लेट मेलवाला सैनिक आहे, डी सिक्सवर तीन पडलेला, म्हणजे हिट पॉइंट तीन. ढाल त्याने पैसे वाचवायला घेतलेली नाही. झॉम्बीचा वार आर्मर क्लास ३ ला लागायला विसाच्या फाशावर १५ किंवा जास्त लागतो, म्हणजे शंभरात ३० वेळा, आणि लागला की डी एट डॅमेज, आठपैकी सहा वेळा एल्फ मेला. बी-एक्समध्ये शून्य म्हणजे शून्य, पडला की गेला. एल्फची कसोटी लागते ती इथे, ४,००० एक्सपी होईपर्यंत तो एका डाइसवर जगत असतो, तोपर्यंत फायटर दुसऱ्या लेव्हलला जाऊन बसलेला असतो. एल्फ जास्त मरतात ते याच पट्ट्यात, आणि जो त्यातून निघाला तो पुढे सगळ्यांना पुरून उरतो.

वाइट नावाच्या पिशाचासारखा लेव्हल चोरणारा राक्षस भेटला तरी एल्फचं नुकसान फायटरपेक्षा मोठं, कारण तीच एक लेव्हल परत मिळवायला दुप्पट एक्सपी कमवायचा असतो. हुशार डीएम (डंजन मास्टर, डाव चालवणारा) ही गोष्ट विसरत नाहीत.

आवरायचं कसं

नवीन डीएम एल्फला आवरायला लगेच घरचे नियम काढतात, चिलखतात जादू नाही, एल्फला एक्सपी अर्धा, वगैरे. त्याची गरज क्वचितच पडते, कारण पुस्तकातलेच नियम नीट वापरले की बरंच काम होतं. मोल्डव्हेंच्या पुस्तकात स्पेलबुकमध्ये रोज जेवढे स्पेल टाकता येतात तेवढेच स्पेल असतात, म्हणजे पहिल्या लेव्हलच्या एल्फकडे एकच स्पेल, आणि तो कोणता ते डीएम ठरवू शकतो. दिला रीड मॅजिक (नुसतं जादूचं लिखाण वाचायचा स्पेल), संपला विषय. स्लीपशिवायचा एल्फ बऱ्यापैकी माणसात येतो. एक्स्पर्टमध्ये असंही आहे की स्पेल टाकायचाय हे इनिशिएटिव्हच्या (आधी पाळी कोणाची ते ठरवणाऱ्या फाशाच्या) आधी सांगायचं, आणि तो टाकायच्या आधी शत्रूचा वार लागला तर स्पेल वाया. हा नियम आपल्याकडे फार टेबलांवर कोणी पाळत नाही, कारण बरेच जण डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीवरून आलेले असतात आणि तिथे असं काही नसतं. तो पाळला की पुढे उभं राहून मारामारी आणि जादू दोन्ही करणाऱ्या एल्फला रोज एकदा तरी विचार करावा लागतो.

चिलखतात जादूबंदीचा नियम मात्र टाळावा. तेवढं काढलं की तो महागडा मॅजिक-युजर उरतो आणि कोणी घेत नाही.

बाकी मिश्र क्लास

ॲडव्हान्स्ड डी अँड डीमध्ये हाच प्रश्न मल्टिक्लासच्या (एकाच कॅरेक्टरला एकापेक्षा जास्त क्लास) रूपात होता, तिथे एक्सपी समान वाटला जायचा आणि एका क्लासची मर्यादा गाठली तरी त्याचा वाटा वाया जातच राहायचा. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकच्या परिशिष्टातला बार्ड तर अजूनच अचाट, आधी फायटर, मग थीफ, मग ड्रुइडच्या हाताखाली बार्ड, आणि स्ट्रेंग्थ, विझडम, डेक्स्टेरिटी, करिस्मा चारही किमान १५. कागदावर प्रचंड, पण फासे प्रामाणिकपणे टाकून तो बनवलेला मला तरी कोणी भेटलेला नाही. १९९२ चा ब्लेडसिंगर (तलवार आणि जादू दोन्ही चालवणारा एल्फ) दुसऱ्या आवृत्तीत बदनाम झाला तो याच घराण्यातला.

जुन्या रूल्सना नव्याने लिहिणाऱ्यांनी एल्फवर आपापले उपाय केले. २०१९ च्या ओल्ड-स्कूल इसेन्शियल्सने बी-एक्सचा एल्फ आहे तसाच ठेवला, ४,००० सकट. बेसिक फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये वंश आणि क्लास वेगळे केलेत आणि फायटर-मॅजिक-युजर व्हायचं तर दोन्ही तक्त्यांची सरळ बेरीज मोजायची, दुसऱ्या लेव्हलला ४,५००. सुधारणा म्हणून हे फार काही नाही, कारण दोन दुपटीचे तक्ते मिळवले तरी दुपटीचाच तक्ता तयार होतो. २०१२ च्या डंजन क्रॉल क्लासिक्सने सगळ्यात गमतीदार मार्ग काढला, तिथल्या एल्फला लोखंड सहन होत नाही, अंगाला लागून राहिलं की भाजतं, त्यामुळे लोखंडी चिलखत घालून हिंडायचं तर हिट पॉइंटमधून किंमत मोजा, नाहीतर मिथ्रिल या काल्पनिक धातूचं चिलखत घाला.