पोलिओनंतरचं काम

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींचा एक चपटा पट्टा तयार होतो. त्याच्या कडा वर उचलल्या जातात, मध्ये पन्हळीसारखी खोलगट जागा पडते आणि शेवटी कडा एकमेकींना भिडून नळी बनते. हीच न्यूरल ट्यूब. मेंदू आणि मज्जारज्जू तिच्यातूनच घडतात. नळी पाठीकडे उघडी राहिली तर स्पायना बिफिडा हा मणक्याचा जन्मदोष, डोक्याकडे उघडी राहिली तर ॲनेनसेफली, म्हणजे मेंदूची वाढच अपुरी. हे सगळं साधारण २८ दिवसांत आटोपतं, आणि तोवर अनेकींना दिवस गेल्याची कल्पनाही नसते.

या प्रश्नामागे चिकाटीने लागलेल्या संस्थांपैकी एक म्हणजे अमेरिकेतली मार्च ऑफ डाइम्स. १९३८ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ती पोलिओविरुद्ध उभी केली. रेडिओवरचे विनोदवीर एडी कँटर यांनी दहा-दहा सेंटची नाणी, म्हणजे ‘डाइम’, थेट व्हाइट हाउसला पाठवा, असं आवाहन केलं आणि लाखो नाणी येऊन पडली. अशा देणग्यांवरच जोनास साल्क यांची लस तयार झाली. १९५५ मध्ये ती यशस्वी ठरली. खरं तर संस्थेला तेव्हा टाळं लावता आलं असतं. तिने १९५८ मध्ये जन्मजात व्यंगांचा विषय हाती घेतला. पुढच्याच वर्षी नवजात बाळाची प्रकृती जोखणाऱ्या ‘अपगार स्कोअर’वाल्या डॉ. व्हर्जिनिया अपगार तिथे रुजू झाल्या.

पोलिओत शत्रू एकच होता, इथे कारणं शेकडो. त्यातलं हाती लागलेलं एक म्हणजे फोलेट हे जीवनसत्त्व. पेशी झपाट्याने वाढताना डीएनए घडवायला ते लागतंच. आधीच्या गर्भात असा दोष आढळलेल्या स्त्रियांना दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच कृत्रिम रूप, दिलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दाखवून दिलं.

पण दिवस गेल्याचं कळल्यावर गोळी सुरू केली, तर बहुधा उशीर झालेला असतो. शिवाय अमेरिकेत जवळपास निम्मी गर्भारपणं न ठरवता येतात. म्हणून औषध पिठातच घालायचं ठरलं. १९९८ पासून तिथे ‘एनरिच्ड’, म्हणजे जीवनसत्त्वं मिसळलेल्या, पिठात १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सक्तीचं झालं आणि या व्यंगांचं प्रमाण ठळकपणे उतरलं.

टॉर्टिया या मेक्सिकन पोळीचं मक्याचं पीठ मात्र त्यातून सुटलं. लॅटिन अमेरिकी वंशाच्या कुटुंबांत हे दोष जास्त दिसतात, आणि नेमकं त्यांचंच पीठ वगळलेलं! मार्च ऑफ डाइम्सने इतरांसोबत अर्ज केला, २०१६ मध्ये परवानगी मिळाली. पण नुसती परवानगीच. त्यामुळे बऱ्याच उत्पादकांनी काही केलं नाही. अखेर कॅलिफोर्नियाने कायदाच केला आणि २०२६ पासून तिथे त्या पिठातही फॉलिक ॲसिड बंधनकारक केलं.