पोर्ट १६१, 'पब्लिक' आणि पाच मिनिटं: एसएनएमपी पोलिंगची पार्श्वभूमी

एसएनएमपी म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांची खबर घेण्याचा प्रोटोकॉल, आणि पोलिंग म्हणजे त्यांना ठरावीक वेळाने विचारत राहणं. नवा स्विच मॉनिटरिंगमध्ये जोडताना तेच चार प्रश्न समोर येतात: व्हर्जन कोणतं, कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) काय, पोलिंग किती वेळाने, काउंटर (उपकरणातले मोजणी करणारे आकडे) ३२ बिटचे की ६४ बिटचे. यातला प्रत्येक रकाना वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या अडचणीतून आला आहे. ते ठाऊक असेल तर कुठला डिफॉल्ट ठेवायचा आणि कुठला लगेच बदलायचा, हे चटकन ठरवता येतं.

सुरुवातीला हाताशी होतं ते पिंग. माइक मूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं. पलीकडचं यंत्र उत्तर देतंय की नाही, एवढं त्यातून कळतं; लिंक किती भरली आहे, कुठल्या पोर्टवर पॅकेट गळताहेत, ते कळत नाही. राउटर वाढू लागले तशी ही उणीव जाणवू लागली. नोव्हेंबर १९८७ मध्ये केस, डेव्हिन, फेडोर आणि शॉफस्टॉल या चौघांनी राउटरवर लक्ष ठेवायला एसजीएमपी हा साधा प्रोटोकॉल मांडला. याच कामासाठी एचईएमएस आणि ओएसआय (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा नेटवर्क प्रोटोकॉलांचा संच) पद्धतीचा सीएमआयपी हे आणखी दोन दावेदार होते. एचईएमएसच्या कर्त्यांनी कोंडी फुटावी म्हणून आपला प्रस्ताव स्वतःहून मागे घेतला, याचं मोल मला फार वाटतं. एप्रिल १९८८ मध्ये इंटरनेटच्या शिल्पकारांपैकी एक व्हिंट सर्फ यांच्या आरएफसी १०५२ मधून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) निर्णय जाहीर झाला: तूर्तास एसजीएमपी सुधारून वापरायचा, पुढे ओएसआयकडे जायचं. ऑगस्ट १९८८ मध्ये आरएफसी १०६७ आला आणि 'तूर्तास'ची सोय म्हणजेच एसएनएमपी कायमची होऊन बसली.

ती टिकली, कारण तिने उपकरणाकडून फार थोडं मागितलं. उपकरणातला एजंट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, फक्त विचारलेलं सांगतो. सगळं डोकं मॅनेजरकडे, म्हणजे विचारणाऱ्या यंत्राकडे. प्रश्न-उत्तरं यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर, उपकरणाने आपणहून पाठवलेले इशारे, म्हणजे ट्रॅप, १६२ वर. आधी कनेक्शन उभारायची गरज नाही, त्यामुळे नेटवर्क आजारी असतानाही एखादं उत्तर हाती लागण्याची आशा राहते. ट्रॅप मात्र वाटेत हरवू शकतो आणि हरवल्याचं कुणालाच कळत नाही. म्हणून भरवसा पोलिंगवरच ठेवावा लागतो.

आता एक काउंटर जवळून पाहू. इंटरफेसवर आलेल्या बाइट्सचा ओआयडी (प्रत्येक आकड्याचा ठरलेला पत्ता) १.३.६.१.२.१.२.२.१.१०, आणि शेवटी इंटरफेसचा क्रमांक. इथे वेग मिळत नाही, फक्त वाढत जाणारी बेरीज मिळते. दोन वाचनांमधला फरक मधल्या वेळाने भागला की वेग निघतो. ३२ बिटचा काउंटर भरला की शून्यावर येतो: १० मेगाबिटच्या भरलेल्या लिंकवर साधारण ५७ मिनिटांत, १०० मेगाबिटवर ५.७ मिनिटांत, १ गिगाबिटवर ३४ सेकंदांत. म्हणजे दर पाच मिनिटांनी विचारलं, तर या काउंटरवरून काढलेला आलेख साधारण ११५ मेगाबिटच्या वर जाऊच शकत नाही. गिगाबिट लिंक तुडुंब भरलेली असते आणि आलेख निवांत दिसतो. ६४ बिटचे काउंटर १९९३ च्या दुसऱ्या व्हर्जनबरोबर आले, पण पहिल्या व्हर्जनच्या पॅकेटमधून ते मागताच येत नाहीत. एका फेरीत पुष्कळ ओळी आणणारा गेटबल्क हा आदेशही त्याच व्हर्जनचा.

पाच मिनिटांचा रिवाज रुजला तो एमआरटीजी या आलेख काढणाऱ्या साधनामुळे. टोबियास ओटिकर यांनी लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात ६४ किलोबिटच्या इंटरनेट लाइनवर लक्ष ठेवायला हे साधन लिहिलं आणि १९९५ मध्ये सर्वांना खुलं केलं. त्यांच्याच १९९९ च्या आरआरडीटूल या आकडे साठवून आलेख काढणाऱ्या साधनामध्येही ३०० सेकंद हाच डिफॉल्ट राहिला.

सुरक्षेची गोष्ट जास्त रखडली. पहिल्या व्हर्जनमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग उघडी जाते, आणि कितीतरी उपकरणं वाचण्यासाठी 'पब्लिक', लिहिण्यासाठी 'प्रायव्हेट' हेच घालून बाहेर पडत. १९९३ ची नवी सुरक्षा व्यवस्था इतकी किचकट होती की ती चाललीच नाही. जानेवारी १९९६ मध्ये व्हर्जन २सी आलं ते जुनीच कम्युनिटी घेऊन. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठाच्या चाचण्यांतून अनेक उत्पादकांच्या एसएनएमपीत भगदाडं निघाली. खरी ओळख-पडताळणी आणि एन्क्रिप्शन देणारं तिसरं व्हर्जन त्याच डिसेंबरात पूर्ण मानक झालं. त्यात मुळात डीईएस ही जुनी एन्क्रिप्शन पद्धत होती, अधिक भक्कम एईएसची जोड २००४ मध्ये मिळाली. पर्याय असेल तिथे एईएसच निवडावं. २सी टाळता येत नसेल तर नवी स्ट्रिंग, फक्त वाचण्याची परवानगी आणि पोलरच्याच (पोलिंग करणाऱ्या यंत्राच्याच) पत्त्याला प्रवेश, यात तडजोड नको.

लिहिण्याची, म्हणजे उपकरणाची सेटिंग बदलण्याची, सोय कधीच नीट रुळली नाही. १९९० च्या इंटरऑप प्रदर्शनात जॉन रॉम्की यांनी एसएनएमपीवर टोस्टर चालू-बंद करून दाखवला होता, पण राउटरचं कॉन्फिगरेशन लोक कमांड लाइनवरूनच करत राहिले. २००२ च्या एका कार्यशाळेत नेटवर्क चालवणाऱ्यांनी हे स्पष्ट सांगितलं, आणि २००६ मध्ये कॉन्फिगरेशनसाठीचं नेटकॉन्फ मानक झालं. अलीकडे मोठे राउटर टेलिमेट्रीने आकडे स्वतःच, काही सेकंदांच्या अंतराने पाठवतात. यूपीएस, प्रिंटर आणि जुने स्विच मात्र अजून १६१ वरच उत्तर देतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात.