मॅजोलिका बश्या आणि त्यांचा संग्रह

मॅजोलिका म्हणजे साच्यातूनच उठावाची नक्षी घेऊन निघालेली आणि शिसे घातलेल्या रंगीत झिलईने मढवलेली भाजक्या मातीची भांडी. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात, विशेषतः स्टोक-ऑन-ट्रेंट आणि आसपासच्या कुंभारगावांत, ती उदंड झाली. कुंड्या, चहाच्या किटल्या, चीजची झाकणे असे पुष्कळ प्रकार त्यात आहेत, पण संग्राहकाची सुरुवात बहुधा बशीपासून होते. बशी जागा खात नाही, भिंतीवर टांगता येते, आणि मुळात त्या सहा-सहाच्या, बारा-बाराच्या संचात विकल्या गेल्यामुळे फुटून उरलेले सुटे नग आजही बाजारात सापडतात.

नावाचा घोळ आधी सोडवायला हवा. इटलीतल्या प्रबोधनकाळातल्या ‘मायोलिका’ भांड्यांवर कथिलाची अपारदर्शक पांढरी झिलई असे आणि तिच्यावर कुंचल्याने चित्र काढत. हे नाव मायोर्का बेटावरून पडले, असे मानतात. स्टोकच्या मिंटन कारखान्यात १८४९ च्या सुमारास कलाविभागाची सूत्रे फ्रान्सहून आलेल्या लेऑं आर्नू याच्याकडे गेली. त्याने दोन वेगळ्या गोष्टी सुरू केल्या. कथिलाच्या झिलईवर चित्रे काढलेल्या इटालियन धर्तीच्या भांड्यांना त्याने ‘मॅजोलिका’ म्हटले. उठावाच्या नक्षीवर रंगीत, पारदर्शक झिलया चढवलेल्या भांड्यांना सोळाव्या शतकातला फ्रेंच कुंभार बेर्नार पालिसी याचे नाव दिले. लंडनला १८५१ च्या महाप्रदर्शनात मिंटनने ही भांडी मांडली. लोकांना मात्र दुसरा प्रकार आवडला आणि त्यांनी त्यालाच पहिल्याचे नाव चिकटवले. आज आपण मॅजोलिका म्हणतो ती खरे तर पालिसीच्या वळणाची भांडी.

करण्याची रीत अशी : साच्यातून काढलेली बशी वाळवून एकदा भाजायची. ही कच्ची, पाणी शोषणारी ‘बिस्किट’ बशी. मग तिच्यावर कुंचल्याने निरनिराळ्या रंगांच्या झिलया शेजारी शेजारी लावायच्या आणि पुन्हा भट्टीत घालायच्या. तांब्याने हिरवा रंग येतो, कोबाल्टने गर्द निळा, मँगनीजने जांभळट तपकिरी, लोखंडाने पिवळट तपकिरी. सगळ्या झिलया एकाच आचेवर वितळल्या पाहिजेत, आणि वितळूनही आपापल्या हद्दीत राहिल्या पाहिजेत. आर्नूचे कसब इथे होते. बेगोनियाच्या पानाच्या आकाराची बशी हातात घेतली की हे कळते. शिरांच्या कडांवरून झिलई ओघळल्यामुळे तिथे रंग विरळ आणि उजळ, तर शिरांमधल्या खोलगटात ती साचून हिरवा जवळजवळ काळा झालेला. शीर काढायला वेगळी रेघ मारलेली नाही. साच्याचा उठाव आणि झिलईचा उतार यांनीच पान जिवंत केले आहे. चांगली मॅजोलिका ओळखायची ती या खोलीवरून. नुसत्या भडकपणावरून नव्हे.

प्रकारांत सर्वांत मागणी आहे ती ऑयस्टरच्या बशीला. ऑयस्टर म्हणजे आपल्या कोकणातली कालवे. शिंपल्याच्या आकाराचे बहुधा सहा खळगे गोलाकार आणि मधोमध चटणीसाठी एक, अशी मिंटनची ठरीव रचना. खळग्यांचा रंग बदलला की बशीची किंमतही बदलते, म्हणून काही संग्राहक आयुष्यभर एकाच साच्याचे निरनिराळे रंग गोळा करत राहतात. हा नाद बाहेरच्याला वेडगळ वाटेल. पण एकाच खेळण्याच्या दहा रंगांसाठी हट्ट धरणारे मूल ज्याने पाहिले आहे त्याला वाटणार नाही. शतावरीच्या, म्हणजे ॲस्परॅगसच्या, कोंबांसाठीही खास बश्या निघाल्या. पाने आणि मासे तर अगणित.

स्टॅफर्डशरमधल्याच वेजवुड कारखान्याने १८६० च्या सुमारास मॅजोलिका सुरू केली, आणि १८७८ मध्ये फिकट पांढरट पार्श्वभूमीची ‘अर्जेंटा’ मालिका आणली. जपानी वस्तूंचे वेड तेव्हा भरात होते. या बश्यांवर पंखे, फुललेल्या फांद्या आणि पक्षी आले. मिंटनमधून बाहेर पडलेल्या जॉर्ज जोन्सने स्वतःचा कारखाना काढला आणि नाजूकपणात मालकालाही गाठले, असे माझे मत आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या फीनिक्सव्हिल इथे ग्रिफिन, स्मिथ आणि हिल यांची ‘एट्रस्कन मॅजोलिका’ १८७९ पासून निघू लागली. तिचा शिंपले-शेवाळाचा नमुना अजून लोकप्रिय आहे.

पण जाणता माणूस बशी आधी उलटी करतो. मिंटनच्या बशीमागे मातीत दाबलेले नाव असते आणि शेजारी एक चिमुकले चिन्ह. १८४२ पासून दर वर्षाला वेगळे चिन्ह ठरलेले असल्यामुळे बशी कोणत्या साली घडली ते सांगता येते. वेजवुडची १८६० पासून तीन अक्षरांची खूण आहे आणि तिच्यातले शेवटचे अक्षर वर्षाचे. चौकटच्या पत्त्यासारखा ठसा दिसला तर तो १८४२ ते १८८३ या काळातला नमुना-नोंदणीचा. नवखे इथे हमखास फसतात, कारण त्यातली तारीख नमुना नोंदवल्याची असते, बशी घडवल्याची नव्हे. साचा पुढे कितीतरी वर्षे चालू शकतो. नुसते ‘इंग्लंड’ असे छापलेले असेल तर बशी बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने त्या वर्षीपासून मालावर देशाचे नाव सक्तीचे झाले. जॉर्ज जोन्सच्या बश्यांची पाठ कासवाच्या पाठीसारखी हिरवी-तपकिरी ठिपकेदार असते आणि तिच्यात अंगठ्याएवढी जागा झिलईविना सोडून तिथे नमुन्याचा क्रमांक हाताने लिहिलेला असतो. ज्यांच्यावर कसलीच खूण नाही अशा बश्या मात्र कितीतरी आहेत. तिथे पाठीचा रंग, वजन आणि साच्याची सफाई हेच पुरावे.

दोष तपासायची पहिली रीत आपल्या बायका माठ घेताना वापरतात तीच. बोटांच्या टोकांवर बशी तोलून कडेला टिचकी मारायची. तडा असेल तर ती बद्द वाजते. मातीच सच्छिद्र, कमी आचेची असल्यामुळे चिनीमातीच्या कपासारखा खणखणीत आवाज सुस्थितीतल्या बशीचाही येत नाही, हे लक्षात ठेवावे. झिलईवरची बारीक जाळी वयाबरोबर येते आणि ती सहसा दोष धरत नाहीत. कडेचा उडालेला टवका धरतात. टवका बुजवून रंगवलेला असेल तर अतिनील दिव्याखाली तो डाग वेगळा उजळतो. दिवा नसेल तेव्हा जुने संग्राहक कड ओठाला लावून पाहतात : झिलई गार लागते, रंग कोमट. नव्या नकला पाठीवरून पकडल्या जातात, कारण तिथे कोणी कष्ट घेत नाही.

या झिलईतले शिसे ही गोष्ट शोभेच्या बोलण्यात मागे पडते. बश्यांवर रंग भरण्याचे काम बरेचसे तरुण मुली करत, आणि कच्ची शिसे-झिलई दिवसभर त्यांच्या हाताला, कपड्यांना लागलेली असे. कुंभारकामातल्या शिशाच्या विषबाधेवर १८९९ मध्ये रसायनतज्ज्ञ थॉर्प आणि डॉक्टर ऑलिव्हर यांनी सरकारला अहवाल दिला. शिशाविना झिलई वापरावी असा रेटा वाढला. तोवर अभिरुचीही पालटली होती आणि ढोबळ, स्वस्त मालाने मॅजोलिकाचे नाव खराब केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बड्या घरांतून ती माळ्यावर गेली. पुन्हा खाली उतरली ती शतकाच्या उत्तरार्धात. मॅजोलिका इंटरनॅशनल सोसायटी १९८९ मध्ये स्थापन झाली, आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेले ‘मॅजोलिका मेनिया’ हे मोठे प्रदर्शन बाल्टिमोरमार्गे अखेर स्टोकला, म्हणजे माहेरी, पोचले.

मुंबईशी या कुंभारगावांचा एक धागा जुळतो. जॉन लॉकवुड किपलिंग हा स्टोकजवळच्या बर्स्लेममध्ये कुंभारकामाच्या कारखान्यात शिकला आणि १८६५ मध्ये सर ज. जी. कलाशाळेत शिकवायला आला. त्याच वर्षी मुंबईत जन्मलेल्या, पुढे लेखक म्हणून गाजलेल्या मुलाला आईबापांनी रडयार्ड हे नाव दिले, ते स्टॅफर्डशरमधल्या ज्या तळ्याकाठी त्यांची भेट झाली होती त्याचे.

संग्रहातल्या बशीत जेवू नये. बिनकल्हईच्या पितळेत ताक ठेवत नाहीत, त्याच कारणाने : आंबट पदार्थ धातू ओढून घेतो, आणि इथे तो धातू शिसे. धुताना गार किंवा कोमट पाणी घ्यावे, कारण कढत पाण्याने झिलई आणि माती वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि जाळी वाढते. भिंतीवर टांगायला तारेचे स्प्रिंगवाले आकडे वापरले तर त्यांच्या टोकांना आधी रबरी नळी चढवावी. कडेचे बरेच टवके त्या आकड्यांनीच उडवलेले असतात.