दोन बोटं हवा

खारपाणपट्ट्यातल्या माणसाची जीभ सहसा फसत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातलं जमिनीखालचं पाणी खारट, म्हणून प्यायचं पाणी लांबच्या धरणावरून आणावं लागतं. वान धरणावरची 84 खेडी योजना त्याचसाठी झाली. माझ्या मामाचं गाव याच पट्ट्यातलं. एका उन्हाळ्यात मामाच्या शेजारणीनं नळाचा पहिला गुंड भरला, एक घोट घेतला आणि कुंपणावरूनच विचारलं, "माह्या नयाले तुह्या बोरचं पानी कसं येते रे भाऊ?"

मामा आधी हसला. मग स्वतःचा पाइप पाहायला गेला. त्यानं नळाची आणि बोअरची लाइन मध्ये एक कॉक टाकून जोडली होती. नळाचा दिवस असला की नळाचं पाणी टाकीत चढायचं, नसला की बोअरचं. कॉक फिरवायचं विसरलं की दोन्ही वाटा मोकळ्या. गावचा जलकुंभ 12 मीटर उंच धरला, तर त्याच्या पायथ्याशी पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम सव्वा किलो असतो आणि शेवटच्या घरापर्यंत जाता जाता तो आणखी उतरतो. बोअरची मोटर त्याच्या दुप्पट दाब सहज देते. जोर जिकडून जास्त, पाणी तिकडून निघतं. सरकारी लाइन कोणती आणि खाजगी कोणती, हे पाण्याला ठाऊक नसतं.

इथं मीठ होतं म्हणून चोरी पकडली गेली. गोड्या पाण्याच्या गावात अशीच जोडणी असती, तर कोणाच्या जिभेला ती कळली असती?

खरं तर पाणी उलटं फिरायला मोटरही लागत नाही. आपल्याकडे 'नळ आले' आणि 'नळ गेले' म्हणतात. नळ गेले म्हणजे टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद झाला. पण गावभरच्या पाइपांत पाणी भरलेलंच असतं. ते उताराला लागतं आणि खालच्या मोहल्ल्यातल्या उघड्या नळांतून वाहून जातं. तसा वरच्या वस्तीतला पाइप रिकामा होऊ लागतो आणि जिथून वाट मिळेल तिथून हवा आत ओढतो. नळ जाताना तोटीला हात लावून पाहा, ती श्वास घेते.

ट्रॅक्टरमधलं डिझेल नळी तोंडात धरून ओढलेल्या कोणालाही पुढचं सांगायला नको. एकदा धार सुरू झाली की डिझेल टाकीच्या काठावरून चढून आपोआप खाली पडत राहतं. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो, म्हणजे 10 मीटर उंचीच्या पाण्याला तोलून धरण्याइतका. नळाला लावलेल्या रबरी नळीचं दुसरं टोक कोठ्यातल्या हौदात बुडालेलं असेल, तर तो पाइप हवेऐवजी हौदातलं पाणी ओढतो. फवारणीच्या दिवसांत तेच टोक औषध कालवलेल्या 200 लिटरच्या ड्रमात असतं. पऱ्हाटीवर मारायच्या औषधाचं काय होऊ शकतं हे यवतमाळनं 2017 मध्ये पाहिलंय. ते विष श्वासातून आणि कातडीतून गेलं होतं, नळातून नव्हे. पण वाट उघडी ठेवायची कशाला?

हे दुखणं फक्त आपल्याच खेड्यांचं आहे असंही नाही. 1933 साली शिकागोत दोन हॉटेलांच्या सदोष नळजोडणीतून आमांशाची साथ पसरली आणि 98 माणसं दगावली. 1969 मध्ये अमेरिकेतल्याच होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघाला कावीळ झाली आणि दोन सामन्यांनंतर त्यांचा उरलेला हंगाम रद्द करावा लागला. सरावाच्या मैदानावरचा नळ जमिनीतल्या खड्ड्यात होता आणि तिथं कावीळ झालेली मुलं खेळून गेली होती. जवळच आग लागली, बंबांनी पाणी उपसलं, लाइनमधला दाब पडला आणि खड्ड्यातलं पाणी पाइपात शिरलं. दाब कमी म्हणून आपल्याकडेही लोक अंगणात खड्डा खणून त्यात नळ घेतात. तिकडे एकदा लागलेल्या आगीनं जे केलं, ते इथं प्रत्येक वेळी नळ गेले की घडू शकतं. त्यात कोणी लाइनलाच टुल्लू पंप लावला, तर शेजाऱ्याच्या खड्ड्यातलं आणि नालीतून गेलेल्या फुटक्या जोडातलं पाणीही ओढलं जातं.

टाकीत ब्लिचिंग पावडर टाकतात ना, मग भीती कसली, असं ग्रामपंचायतीत हमखास ऐकू येतं. क्लोरीन घाणीवर खर्च होतो. शेवटच्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक हवा, पण वाटेत शेणकाल्याचं पाणी घुसलं की तो तिथंच संपतो. कीटकनाशकासाठी तर त्याचा भरवसा धरूच नये. म्हणून ओटीची चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन पाहायची चाचणी, टाकीजवळच्या नळावर करून पिवळा रंग दिसला म्हणून समाधान मानू नये. गावाच्या टोकाच्या घरी, नळ आल्याआल्या बाटली धरावी. त्या घरांनी पहिल्या काही मिनिटांचं पाणी प्यायला न भरता सडासारवणाला वापरलेलं बरं.

यावर बाजारात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह मिळतो, तो लावावाच. विहिरीतल्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपण फुटबॉल म्हणतो, त्याचाच हा भाऊ: पाणी एकाच बाजूला सोडतो. पण फुटबॉलमध्ये काडीकचरा अडकला की काय होतं, हे वावरात सकाळी मोटर भरत बसलेल्या माणसाला विचारा.

हवेत मात्र कचरा अडकत नाही. नळाचं तोंड टाकीच्या काठापासून पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि निदान 1 इंच, वर ठेवायचं. अर्ध्या इंचाच्या नळाला दोन बोटं. हे अंतर पाण्याच्या पातळीपासून नव्हे, काठापासून मोजायचं, कारण टाकी कधीतरी काठोकाठ भरतेच. मग पाइपानं कितीही ओढलं तरी त्याच्या तोंडी फक्त हवा लागते. याला झीज नाही, दुरुस्ती नाही आणि खर्च हॅक्सॉच्या एका पात्याचा. इतक्या स्वस्त उपायावर लोकांचा विश्वास बसत नाही, हीच त्याची अडचण.

मामानं दोन्ही लाइनी तोडल्या. बोअर आता वापरायच्या वेगळ्या टाकीला जातं आणि नळाचा पाइप प्यायच्या टाकीच्या काठावर अधांतरी लटकतो. मामीची तक्रार आहे की पहाटे चारला नळ आले की पाणी वरून पडतं आणि घरभर आवाज होतो.

"वाजू दे," मामा म्हणतो. "नय आले ते तरी कयते."