डावखुऱ्यांनो, आधी डोळा तपासा

रायफल शिकू पाहणाऱ्या डावखुऱ्याला नागपुरात हमखास मिळणारा सल्ला: "डाव्या हाताने लिहितोस ना, मग डाव्या बोल्टचीच घे." (बोल्ट म्हणजे काडतूस भरायला-काढायला हाताने मागेपुढे ओढायचा दांडा; नेहमीच्या रायफलीत तो उजवीकडे असतो, डाव्या बोल्टच्या रायफलीत डावीकडे.) हा सल्ला अर्धवट आहे. (शिकारीचं विचारत असाल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंदच आहे, इथे बोलतोय ते रेंजवरच्या नेमबाजीचं.) रायफल कुठल्या खांद्याला लावायची हे ठरवताना हातापेक्षा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना मेंदू ज्याच्यावर जास्त भर देतो तो, महत्त्वाचा, आणि तो हाताच्याच बाजूचा असतो असं नाही.

फुटाळा तलावाच्या काठावर उभे राहा. हात लांब करून तळव्यांची छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून पलीकडचा एखादा दिवा तिच्यात धरा. आता एकेक डोळा मिटा. उघड्या ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो, तो प्रबळ. उजवा निघाला, तर नेहमीची रायफल उजव्या खांद्याला लावूनच शिकलेलं बरं.

डावा निघाला तर डावा बोल्ट खरंच कामाचा. नाहीतर दर गोळीमागे उजवीकडचा बोल्ट ओढायला डावा हात वरून पलीकडे न्यायचा, रायफलीला टेकलेला गाल हलतो, नेम मोडतो. वाळूच्या पिशवीवर टेकवून सावकाश मारणाऱ्याला मात्र उजवा हात मोकळाच असतो, त्याचं उजव्या बोल्टवरही भागतं.

उजव्या बोल्टची रायफल डाव्या खांद्याला लावली तर रिकामं काडतूस तोंडावर उडेल ही भीती तर फुकाची: ते आपोआप उडत नाही, बोल्ट आपणच ओढतो तेव्हाच बाहेर पडतं.