हायब्रीडची दुसरी पिढी

मृग जवळ आला की जालन्यापासून नांदेडपर्यंत कृषी सेवा केंद्रांपुढे कपाशीच्या हायब्रीड, म्हणजे संकरित, बियाण्याच्या पिशवीसाठी गर्दी होते. घरची सरकी का पेरत नाही, असे विचारले की बांधावर एक उत्तर हमखास मिळते: कंपनीने बियाण्यात असे काही केले आहे की ते पुन्हा उगवतच नाही. या समजाला १९९८ मध्ये खतपाणी मिळाले. ‘टर्मिनेटर’ म्हणून बदनाम झालेल्या तंत्राचे पेटंट त्या वर्षी अमेरिकेत मंजूर झाले आणि आपल्याकडेही आंदोलने झाली. पण ते तंत्र बाजारात कधी आलेच नाही. हायब्रीडची सरकी पेरली तर चांगली उगवते. फक्त शेत एकसारखे राहत नाही. एक झाड कमरेला लागते, शेजारचे गुडघ्याशीच थांबते, बोंडांच्या आकाराचाही मेळ राहत नाही.

यात कंपनीची करामत नाही. हा नियम ब्रनोच्या मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने १८६५ मध्ये व्याख्यानातून मांडला आणि पुढच्या वर्षी छापला. उंच आणि बुटक्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हा पहिल्या पिढीत सगळी रोपे उंच निघाली. त्या रोपांचे बी पुन्हा लावले तेव्हा ७८७ उंच आणि २७७ बुटकी आली, म्हणजे साधारण तिनास एक. बुटकेपणा नाहीसा झाला नव्हता, एक पिढी दबून राहिला होता. प्रत्येक गुणाचे दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. पुढे देताना त्यातला एकच दिला जातो, हा त्याचा निष्कर्ष. पुढची पस्तीस वर्षे त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९०० मध्ये युरोपात तिघांनी वेगवेगळे काम करताना तोच नियम पुन्हा शोधून काढला.

हे घटक असतात कुठे, याचे उत्तर सूक्ष्मदर्शकातून आले. पेशी विभागताना तिच्यातले धागे, म्हणजे गुणसूत्रे, उभे चिरून दोन्हीकडे समान वाटले जातात, हे वाल्टर फ्लेमिंगने १८८२ मध्ये सचित्र दाखवले. रोप वाढते ते या विभाजनाने, म्हणून मुळापासून शेंड्यापर्यंत गुणसूत्रांची संख्या तीच राहते. पराग आणि बीजांड तयार होताना मात्र विभाजन वेगळे असते. त्यात जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते. नाकतोड्याच्या पेशी तपासणाऱ्या वॉल्टर सटनने १९०२-०३ मध्ये हीच गोष्ट मेंडेलच्या घटकांशी जोडली.

कोणत्या जोडीतले कोणते गुणसूत्र जाईल, हे पत्ते पिसल्यासारखे असते. ज्वारीत दहा जोड्या, म्हणजे नुसत्या या वाटपातून १,०२४ प्रकारचे पराग तयार होऊ शकतात. अमेरिकन कपाशीत सव्वीस जोड्या. तिथे हा आकडा सहा कोटी एकाहत्तर लाखांवर जातो. शिवाय जोडीतली गुणसूत्रे आपसांत तुकडे बदलतात ते वेगळेच. पिशवीतले बी पहिल्या पिढीचे असते, म्हणून सगळी झाडे सारखी आणि जोमदार. त्याच झाडांची सरकी म्हणजे दुसरी पिढी, आणि तिच्यात ही सगळी विस्कटाविस्कट बाहेर पडते.

मराठवाड्याला हायब्रीडची ओळख आधी ज्वारीतून झाली. ज्वारीच्या इवल्याशा फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. लाखो फुलांतले पुंकेसर हाताने काढणे अशक्यच. तोडगा निघाला १९५४ मध्ये टेक्सासमध्ये. स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मायलो आणि काफिर या दोन प्रकारांच्या संकरातून अशी ज्वारी मिळवली जिचे परागच निकामी होते. हा दोष गुणसूत्रांत नव्हे, पेशीद्रव्यात बसलेला होता, आणि पेशीद्रव्य बीजाला मिळते ते आईकडूनच. मेंडेलच्या गणितात हे बसत नाही, तरी धंद्याला नेमके तेच हवे होते. मादीच्या ओळीत पराग नाहीत, शेजारच्या ओळीतला नर परागही देतो आणि संततीचे वांझ पराग दुरुस्त करणारा जीनही (मेंडेलचा ‘घटक’) देतो. याच जोरावर १९६४ मध्ये देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण, सीएसएच-१, आले. खरिपात त्याने आणि त्याच्या पुढच्या वाणांनी जागा धरली. भाकरीला चव नाही अशी तक्रार झाली, पण पोती भरली. रब्बीत मात्र मालदांडी हटली नाही. ती सरळ वाणाची, म्हणजे संकरित नसलेली, आहे आणि बहुतांशी स्वतःच्याच परागाने दाणे धरते, त्यामुळे निवडून ठेवलेल्या कणसांचे बी आजही चालते.

कपाशीचे फूल मोठे. तिथे हातच कामाला आले. सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये एच-४ हे संकरित वाण दिले. संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर काढायचे, खूण करायची, सकाळी नराचे फूल आणून पराग लावायचा. मजूर बायका-मुलींच्या बोटांवर हा उद्योग उभा राहिला, आणि त्याच्या इतिहासात त्यांना जागा फार थोडी मिळाली. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे ते शहर बियाण्यांचे म्हणूनच ओळखले जाऊ लागले. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ हे संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांनी उचलून धरले.

देशी गावरानी कपाशीचा काटकपणा अमेरिकन कपाशीत का घातला नाही, असे वाटणे साहजिक आहे. अडचण संख्येची आहे. गावरानीत २६ गुणसूत्रे, अमेरिकनमध्ये ५२. दोघींच्या संकरात ३९ येतात, जोड्या नीट लागत नाहीत आणि झाड जवळपास वांझ निघते.

२००२ मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली तीही महिकोच्या तीन संकरित वाणांच्या रूपात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात बीटी जीन सरळ वाणांत घातला गेला, तिथे प्रत्येक सरकीत विष असते. आपल्याकडे बहुधा एकाच पालकात जीन असतो. त्यामुळे झाड पूर्ण बीटी असले तरी त्याच्या बोंडातली सरकी ही दुसरी पिढी, आणि मेंडेल तिथे हजर. एका जीनच्या वाणात चौथा हिस्सा सरकी विषाविना राहते. २००६ पासूनच्या दोन जीनच्या वाणात नऊ-तीन-तीन-एक: सोळातली नऊ दोन्ही विषांची, सहा एकेकाची, एक बिनविषारी. शेंदरी बोंडअळी खाते ती हीच सरकी. विषाची अशी मिसळ अळीला सरावायला वाव देते, असे कीटकशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे.

अळीतला प्रतिकार दबून राहणारा असतो, दोन्ही पालकांकडून मिळाला तरच उठतो. म्हणून ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी मिळायची. तिच्या झाडांवर वाढलेल्या साध्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकार दबलेलाच राहावा, हा हिशोब. ती पुडी अनेकांनी पेरलीच नाही, आणि ती कशासाठी आहे हे दुकानात समजावून सांगणारेही थोडेच. लांबलेल्या हंगामाची त्यात भर पडली. २०१७ च्या खरिपात डोमकळ्या, म्हणजे शेंदरी बोंडअळीमुळे नीट न उमललेली फुले, दिसू लागल्या तेव्हा मराठवाड्यात बीटी नसलेले कपाशीचे शेत शोधूनही सापडणे अवघड होते.